निलंबन, आय-ट्वेंटी आणि परतीचं तिकीट : भाच्यासाठी सल्ला हवा आहे

हळकुंड | १९ नोव्हेंबर २०२४, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच फिरते, आज वेगळ्याच कामासाठी आले आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका असाइनमेंटमध्ये त्याचा आणि दुसऱ्या एका मुलाचा कोड जवळजवळ सारखा निघाला. गेल्या वर्षी असाच प्रकार होऊन लेखी ताकीद मिळाली होती, हे आम्हाला आत्ता कळतंय. या वेळी सुनावणी झाली आणि काल मेल आला : एका सेमिस्टरसाठी निलंबन, तात्काळ लागू. अपिलाला सात दिवस.

आईवडिलांना त्याने अजून काही सांगितलेलं नाही. मला सांगितलं, कारण "मावशी, तू ओरडणार नाहीस." ओरडले नाही, पण झोपही नाही. मिरजेतलं घर बँकेकडे गहाण आहे त्याच्या शिक्षणकर्जापायी.

त्याचा हिशेब असा : पासपोर्टवरचा व्हिसा २०२७ पर्यंतचा आहे. तेव्हा मित्राच्या खोलीवर राहायचं, मधल्या काळात एखादा ऑनलाइन कोर्स करायचा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा कॉलेजला जायचं. हे इतकं सोपं नसणार असं मला वाटतंय. कुणाला माहिती आहे?

चौथी_सीट | २० नोव्हेंबर, सकाळी ७.१५

दुसऱ्याचा कोड उतरवताना व्हिसा आठवला नाही का? परवाच बातमी वाचली, अमेरिकेत आता ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी, चीनला मागे टाकलं म्हणे. त्यातले असे किती?

सोनटक्का | २० नोव्हेंबर, सकाळी ७.४०

चौथी_सीट, सकाळचा चहा घेऊन मग लिहीत जा. ताईंनी मदत मागितली आहे, चारित्र्याचा दाखला नाही.

हळकुंड, माझी मुलगी ॲरिझोनात आहे. एक सांगते, विद्यापीठाला फोन करून काही उपयोग होणार नाही. मुलगा अठरा वर्षांवरचा असला की त्याच्या लेखी संमतीशिवाय ते आईवडिलांनाही शब्द सांगत नाहीत. फेर्पा नावाचा कायदा आहे त्यांचा, १९७४ पासूनचा. फी आपण भरायची आणि माहिती मात्र मुलाच्या परवानगीने! मुलीच्या आजारपणात मी हे अनुभवलंय. भाच्याकडून आधी ती संमती भरून घ्या.

टपाल | २० नोव्हेंबर, सकाळी ९.०५

हळकुंडताई, मी ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात सहा वर्षं काम केलंय, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे. जरा लांब लिहितो.

सगळा गोंधळ व्हिसा या शब्दापासून सुरू होतो. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे नाटकाचं तिकीट : दारातून आत सोडण्यापुरतं. आत किती वेळ बसायचं ते त्यावर ठरत नाही. भाच्याच्या आय-९४ वर, म्हणजे देशात शिरल्याच्या नोंदीवर, तारीख नसेल, डी/एस असं लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ, विद्यार्थी म्हणून नियमाने शिकत आहात तोवर राहा. आणि शिकतोय की नाही याची नोंद सेव्हिस नावाच्या सरकारी प्रणालीत असते, जी आय-ट्वेंटीशी, म्हणजे विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्याला दिलेल्या प्रमाणपत्राशी, जोडलेली आहे. ही नोंद ठेवणारा विद्यापीठातला माणूस म्हणजे डीएसओ.

निलंबन झालं की पूर्णवेळ शिकणं संपतं. पदवीच्या मुलांना दर सेमिस्टरला बारा क्रेडिट लागतात, त्यातही ऑनलाइनचा एकच कोर्स धरला जातो. विद्यार्थी स्टेटसमध्ये राहिला नाही हे कळल्यावर डीएसओने एकवीस दिवसांत सेव्हिसमध्ये तसं कळवायचं असतं. त्याच्या मनात असो वा नसो, कळवावंच लागतं, नाहीतर विद्यापीठाची परदेशी मुलं घेण्याची मान्यताच धोक्यात येते. नोंद टर्मिनेट झाली की त्याच दिवशी कॅम्पसवरची नोकरी संपते, पुढचा सीपीटी-ओपीटी (अभ्यासक्रमाशी निगडित कामाची परवानगी) संपतो आणि देशात थांबायचा आधारही संपतो. पदवी पूर्ण करणाऱ्याला साठ दिवस मिळतात ते याला नाहीत. स्टेटस मोडून टर्मिनेट झालेल्याला एक दिवसही नाही. व्हिसावर २०२७ लिहिलेलं असो नाहीतर २०५०.

म्हणजे मित्राच्या खोलीवर राहण्याचा बेत बाद. ऑनलाइन कोर्सचाही बाद.

आता मला ताईंच्या पोस्टमध्ये सर्वांत महत्त्वाचे वाटलेले शब्द : "तात्काळ लागू". निलंबनापेक्षा मला या दोन शब्दांची जास्त काळजी वाटते. आज वीस नोव्हेंबर. निलंबन आजपासून धरलं तर चालू सेमिस्टर पाण्यात, क्रेडिट गेली, फी गेली आणि स्टेटस सेमिस्टरच्या मध्यात तुटलं. तेच निलंबन डिसेंबरच्या परीक्षा झाल्यावर सुरू झालं तर चालू सेमिस्टर पूर्ण होतं, मुलगा शेवटच्या दिवसापर्यंत स्टेटसमध्ये राहतो आणि सन्मानाने घरी येऊ शकतो. शिक्षा तीच, तारीख वेगळी.

शिक्षा देणारी समिती आणि इंटरनॅशनल ऑफिस ही दोन वेगळी खाती, वेगळ्या इमारतींत. समितीतल्या प्राध्यापकांना या तारखेने काय होतं ते बहुधा ठाऊकच नसतं. अमेरिकन मुलासाठी एक सेमिस्टर निलंबन म्हणजे गावी जाऊन पिझ्झाच्या दुकानात काम करायचं आणि परत यायचं. परदेशी मुलासाठी तो देश सोडण्याचा हुकूम असतो. हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं आणि सांगायची जागा म्हणजे अपील.

विद्यापीठांना हे करता येतं, त्याचं उदाहरण आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एमआयटीत निदर्शनं झाली. मुदत संपल्यावरही न हललेल्या मुलांवर निलंबनाची वेळ आली तेव्हा अध्यक्ष सॅली कॉर्नब्लुथ यांनी व्हिसाच्या परिणामांचा विचार करून त्यांना फक्त अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांतून निलंबित केलं. वर्ग चालू, स्टेटस चालू. उलट बाजूने, या शरद ऋतूत कॉर्नेलमध्ये मोमोदू ताल या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आंदोलनावरून निलंबित केलं आणि त्याला देश सोडावा लागणार अशी पाळी आली. मग विद्यापीठाने बाहेरून अभ्यास चालू ठेवू दिला आणि ते टळलं. भाच्याचं प्रकरण साधं आहे, एवढा गाजावाजा कुणी करणार नाही. पण तारीख सरकवणं समितीच्या हातात असतं.

आजच्या आज : डीएसओची भेट, सगळी पत्रं घेऊन. तो पोलीस नाही. मुलं त्याला टाळतात आणि तिथेच फसतात.

भुईमूग | २० नोव्हेंबर, सकाळी ११.३०

टपाल यांच्याशी सहमत. माझंच सांगतो, कुणाच्या कामी आलं तर.

२०१६ ला टेक्सासमध्ये एमएसला होतो. पहिल्या सेमिस्टरला जीपीए (ग्रेडची सरासरी) २.७. पदव्युत्तरला ३.० लागतो. प्रोबेशन लागलं, दुसऱ्या सेमिस्टरला वडील गेले, मी तिथेच होतो, तिकिटाला पैसे नव्हते. अभ्यास सुटला. मे महिन्यात शैक्षणिक निलंबनाचं पत्र. मी काय केलं? काहीच नाही. मेल उघडायचीच बंद केली. सहा आठवडे. त्यातले पाच आठवडे एका गुजराती काकांच्या गॅस स्टेशनवर रात्रपाळी, रोख पैसे.

मग कुणी तरी सांगितलं रीइन्स्टेटमेंट असतं, म्हणजे गेलेलं स्टेटस परत मागणं. वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, काम केलंस का? केलं होतं. तो म्हणाला फी वाया घालवू नकोस. कारण तो अर्ज, फॉर्म आय-५३९, पाच महिन्यांच्या आत करावा लागतो, चूक आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाली हे दाखवावं लागतं आणि परवानगीशिवाय काम केलेलं चालतच नाही. वडिलांचं कारण खरं होतं, पण रात्रपाळीने ते खाऊन टाकलं.

सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. वडील गेल्यावर मी कौन्सेलरकडे जात होतो. तिथल्या मानसतज्ज्ञाचं पत्र घेऊन डीएसओकडे गेलो असतो तर वैद्यकीय कारणावरून कमी क्रेडिट, प्रसंगी शून्य क्रेडिटसुद्धा घेता आली असती, एका पातळीवर एकूण बारा महिन्यांपर्यंत, स्टेटसला धक्का न लागता. पण ती परवानगी कोर्स सोडण्याच्या आधी घ्यावी लागते. मला ते दोन वर्षांनी, नाशिकला बसून, दुसऱ्याच कुणाच्या गोष्टीत कळलं.

नाव_सांगत_नाही | २० नोव्हेंबर, दुपारी २.१०

इतकं घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या ओळखीचा एक जण आठ महिने तसाच राहिला, कुणी दार वाजवलं नाही. डी/एस वाल्यांचे बेकायदा दिवस मोजले जात नाहीत. गप राहा, ऑगस्ट येईलच.

टपाल | २० नोव्हेंबर, दुपारी ४.२५

अर्धं बरोबर आहे, म्हणूनच हा सल्ला जास्त वाईट. आय-९४ वर डी/एस असेल तर बेकायदा वास्तव्याचे दिवस लगेच मोजायला लागत नाहीत, यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) किंवा इमिग्रेशन न्यायाधीशाने तसा निर्णय दिल्यावर लागतात. १८० दिवसांहून जास्त झाले की तीन वर्षं बंदी आणि वर्ष झालं की दहा वर्षं, ती टांगती तलवार तिथून सुरू होते. पण दिवस मोजले जात नसले तरी स्टेटस गेलेलं असतंच. ऑगस्टमध्ये वर्गात बसायला आय-ट्वेंटी लागेल, ती कुठून आणणार? आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात प्रश्न असतो, कधी अटींचा भंग केलात का? तिथे खोटं लिहिलं तर ते निलंबनापेक्षा कैकपटीने महागात पडतं.

रेवदंडा | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

अवांतर होईल, पण बाकीच्या देशांतले पालकही वाचत असतील म्हणून. मी लीड्सला असतो. ब्रिटनमध्ये विद्यापीठ दहा कामाच्या दिवसांत गृहखात्याला कळवतं आणि मग व्हिसाची मुदत कापून साधारण साठ दिवसांवर आणतात. ऑस्ट्रेलियात आधी संस्थेकडे अपिलासाठी वीस कामाचे दिवस द्यावे लागतात. कॅनडात संस्थेने मान्य केलेली सुट्टी दीडशे दिवसांपर्यंत चालते. अमेरिकेत सगळं त्या एका सेव्हिसच्या नोंदीवर अडकलंय, हे मला नवीन.

हळकुंड | २१ नोव्हेंबर, रात्री १२.२०

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? भाचा आज डीएसओला भेटला. बाई भल्या निघाल्या. त्यांनी सांगितलं, अपील चालू असेपर्यंत तो वर्गात बसू शकतो आणि निकाल येईपर्यंत त्या सेव्हिसला हात लावणार नाहीत.

अजून एक प्रश्न. जानेवारीत दुसऱ्या कॉलेजात, कम्युनिटी कॉलेज म्हणतात तिथे, बदली करून घेतली तर? एक मित्र तसं सुचवतोय.

आणि हो, आज बहिणीला सांगितलं. ती काहीच बोलली नाही. भाजी निवडत होती, निवडत राहिली. मेहुण्यांनी फक्त बँकेची फाईल काढली.

टपाल | २१ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

बदली होऊ शकते, पण नोंद चालू असतानाच. टर्मिनेट झाल्यावर नाही, म्हणजे झालीच तर तिथे जाऊन रीइन्स्टेटमेंट मागावं लागतं, आणि कोड उतरवणं हे हाताबाहेरचं कारण ठरत नाही. शिवाय बरीच कॉलेजं अर्जातच विचारतात, सध्या कुठून निलंबित आहात का. कागद नीट भरून एखाद्या कॉलेजने घेतलं तर मार्ग कायदेशीर आहे. पण मग मूळ विद्यापीठात परत येताना ती क्रेडिट धरतील का ते आधी विचारा, निलंबनाच्या काळातली क्रेडिट काही विद्यापीठं मुळीच धरत नाहीत.

अपिलात रडगाणं नको. चूक मान्य, शिक्षा मान्य, एवढीच विनंती की निलंबन परीक्षांनंतरपासून लागू करावं, कारण अन्यथा हा परिणाम होतो. डीएसओच्या दोन ओळी जोडता आल्या तर उत्तम. एक पान पुरे. अठ्ठावीस तारखेला थँक्सगिव्हिंग आहे, त्या आठवड्यात कार्यालयं ओस पडतात, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

सोनटक्का | २१ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

मेहुण्यांनी फाईल काढली ते योग्यच केलं. बँकेला लेखी कळवा. शिक्षण थांबलं असं बँकेला परस्पर कळलं तर सवलतीचा काळ संपला असं धरून हप्ते सुरू करतात. कोर्सचा कालावधी एका सेमिस्टरने लांबला आहे असा अर्ज द्या, सोबत विद्यापीठाचं परत येण्याबद्दलचं पत्र. कर्जाचा बँकेकडून मिळायचा पुढचा हप्ता आता उचलू नका, व्याज तरी वाचेल.

हळकुंड | ७ डिसेंबर २०२४, रात्री १०.३०

अपील अर्धं मंजूर! निलंबन कायम, पण तेरा डिसेंबरच्या शेवटच्या परीक्षेनंतर लागू. एक कोर्स सोडून बाकीची क्रेडिट हाती राहतील. ज्या कोर्समध्ये हे घडलं तिथे एफ (नापास) आहे, तो ऑगस्टनंतर पुन्हा करायचा.

डीएसओबाई त्याची नोंद सोळा तारखेला बंद करतील, कारणाच्या रकान्यात परवानगीने लवकर माघार असं काहीतरी. पंधरा दिवस मिळतात निघायला. एकवीसचं तिकीट काढलंय. भाड्याच्या खोलीचा करार मेपर्यंत आहे, ती एका तेलुगू मुलाला दिली, दरमहा शंभर डॉलर पदरचे घालून.

टपाल | ८ डिसेंबर, सकाळी ७.३०

उत्तम. सेव्हिसमध्ये तीही नोंद टर्मिनेट म्हणूनच दिसते, दचकू नका. पण कारण वाचणाऱ्याला कळतं की मुलगा सांगून, विचारून, वेळेत गेला. पंधरा दिवस मिळतात ते याच कारणाला. निघाल्याचा पुरावा, बोर्डिंग पास वगैरे, जपून ठेवा.

पाच महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहणार म्हणजे परत येताना नवी आय-ट्वेंटी, नवा सेव्हिस क्रमांक, साडेतीनशे डॉलरची आय-९०१ (सेव्हिसची) फी पुन्हा आणि नवा व्हिसा. जुना २०२७ पर्यंतचा शिक्का त्यासाठी धरू नका. सीपीटी-ओपीटीसाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्षही नव्याने मोजलं जाईल, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची आशा सध्या बाजूला ठेवा.

चौथी_सीट | ८ डिसेंबर, सकाळी ९.००

पहिल्या प्रतिसादाबद्दल दिलगीर आहे. पोरगा सुखरूप येऊ दे.

भुईमूग | २८ एप्रिल २०२५, रात्री ९.४५

धागा वर काढतोय. या महिन्यात हजारो मुलांच्या सेव्हिसच्या नोंदी सरकारने परस्पर बंद केल्या, विद्यापीठांना न विचारता. कित्येकांचा गुन्हा म्हणजे कधीकाळचा वाहतुकीचा दंड किंवा मागे घेतलेली तक्रार. कोर्टात दावे लागले आणि २५ तारखेला सरकारी वकिलांनी नोंदी परत चालू करतो म्हणून सांगितलं. ज्यांच्या नावावर असलं काही जुनं प्रकरण आहे त्यांनी डीएसओला मेल टाकून आपली नोंद चालू आहे का ते विचारून घ्या. हळकुंडताई, भाचा आता इथे आहे हे एका अर्थी बरंच झालं.

हळकुंड | २८ मे २०२५, दुपारी १.००

भुईमूग, भाचा सांगलीच्या मार्केट यार्डात त्याच्या काकांच्या हळदीच्या पेढीवर हिशेब बघतोय. पावत्यांसाठी एक छोटा प्रोग्रामही लिहिलाय, स्वतःचा स्वतः. हमाल लोक त्याला सायब म्हणतात.

काल अमेरिकन दूतावासाने जाहीर केलेलं वाचलंत? न कळवता कोर्स सोडला, वर्ग बुडवले तर व्हिसा रद्द होऊ शकतो, पुढे मिळण्यातही अडचण. बहिणीने मला ते चार वेळा पाठवलं. आणि काल रात्रीच ऐकलं की विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलंय. आय-ट्वेंटी येऊन पडली आहे आणि तारीख नाही.

टपाल | २९ मे, सकाळी ६.४०

रोज सकाळी पोर्टल बघत राहा. विद्यापीठाला आत्ताच लिहून ठेवा की ऑगस्ट हुकला तर जानेवारीची आय-ट्वेंटी देतील का. निलंबन संपल्याचं पत्रही मागून घ्या, मूळ सही-शिक्क्याचं.

हळकुंड | २ ऑगस्ट २०२५, रात्री ११.१०

अठरा जूननंतर तारखा पुन्हा सुरू झाल्या, पण सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची अट आली. भाच्याने इन्स्टाग्राम उघडं केलं तेव्हा त्याच्या आईला पहिल्यांदा कळलं की तो गिटार वाजवतो.

जुलैअखेर मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली. मेहुणे बाहेर उन्हात उभे. अधिकारी बाईने पडद्यावर बघून विचारलं, जानेवारी ते ऑगस्ट काय झालं? तो म्हणाला, दुसऱ्याचा कोड वापरला होता, एक सेमिस्टर निलंबित होतो, विद्यापीठाने परत घेतलंय. पत्र पुढे केलं. तिने ते वाचलं, हळदीच्या पेढीबद्दल एक प्रश्न विचारला (!) आणि पासपोर्ट ठेवून घेतला. काल शिक्का मारून आला.

विमान १६ ऑगस्टचं. आय-ट्वेंटीवर सुरुवातीची तारीख २५ ऑगस्ट आहे. इतक्या आधी आत सोडतात ना?

टपाल | ३ ऑगस्ट, सकाळी ७.००

सोडतात, तीस दिवस आधीपासून. उतरल्यावर खोलीवर जाण्याआधी आय-९४ डाउनलोड करून त्यावर एफ-१ (विद्यार्थी व्हिसाचा प्रकार) आणि डी/एस आहे का ते बघायला सांगा. आणि पहिल्या आठवड्यात डीएसओबाईंकडे जाऊन हजेरी नोंदवायची.

हळकुंड | ३ ऑगस्ट, सकाळी ७.२०

सांगते. त्यांच्यासाठी पाव किलो हळद बांधली आहे.